न दिसलेले निरोप

फोनवर बोटं थरथरायची, म्हणून दिनकरराव संगणकावर, ब्राउझरमधूनच बुद्धिबळ खेळत. पलीकडून खेळायची त्यांची लेक, मृणाल. तिच्या लग्नावरून बोलणं तुटलं होतं, तरी रोज तिची एक चाल यायची. तेवढ्यावर दोन वर्षं गेली.

मार्चपासून चाल येईना. "ब्राउझरचाच काहीतरी घोळ असेल," ते शेजारच्या अनघाला म्हणाले. तिने मोबाइलचं ॲप त्यांच्या संगणकावर चालवून दिलं.

"काका, ॲपमध्ये निरोपही दिसतात. ब्राउझरमध्ये ती सोयच नव्हती. केवढे आलेत बघा!"

दिनकररावांनी चष्मा सावरला.

"बाबा, घोडा छान काढलात."

"बाबा, बोला ना."

"बाबा, मुलगी झाली. नाव तुम्ही ठेवा."

शेवटचा निरोप मार्चमधला होता. "तुम्ही नाहीच बोलणार, कळलं मला. आता खेळणंही थांबवते."

त्यांनी एकेक अक्षर दाबलं, "मला दिसलंच नाही गं, पोरी."

निरोप गेला नाही. मृणालने खातं बंद केलं होतं.

"काका, तिचा फोन नंबर असेल ना?" अनघाने विचारलं.

"होता," दिनकरराव म्हणाले. "रागाच्या भरात मीच पुसून टाकला."