उशी कुणाची
एमआरआयचा रिपोर्ट घेऊन ती घरी आली तेव्हा आत्या आईचं कपाट आवरत होती. क्रोन्स या आतड्याच्या आजारानं तिच्या स्वतःच्या गुदद्वाराजवळ पोखरलेली भगंदराची वाट नऊ वर्षांनी आतूनही बुजलेली दिसली होती. पुन्हा उघडण्याची भीती फारशी नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकायला आई नव्हती. मागच्याच महिन्यात ती गेली. आत्यानं मधे भोक असलेली उशी वर धरली. “ही टाकू ना? मूळव्याधीनं फार छळलं गं वहिनीला. नाटकाला निघाली तरी उशी काखेत.” तिला आठवलं: आई सगळ्यांदेखत कण्हत उशी खुर्चीवर ठेवायची, क्षणभर टेकायची आणि म्हणायची, “मी जरा पाय मोकळे करते. तू इथं माझी जागा धरून बस.” तरण्या मुलीच्या दुखण्याची कुणाला कुणकुण लागली नाही. “टाकू नकोस, आत्या,” ती म्हणाली. “मूळव्याध आईला कधीच नव्हती. उशी माझी आहे.”