निरोगी मेंदू

पडद्यावर चित्र उमटलं आणि डॉक्टर इरावतीनं व्याख्यानातलं नेहमीचं वाक्य म्हटलं, "हा निरोगी मेंदू."

एमआरआयची नवी पद्धत तपासायला तिनं आईलाच यंत्रात झोपवलं होतं. "डोकं ठिकाणावर आहे ना माझं, तेवढं बघ गं," आई बांगड्या उतरवताना हसली होती. इरावतीनं चित्र स्वच्छ आलं का, तेवढंच पाहिलं. चार महिन्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन आई गेली. चित्र मात्र व्याख्यानांतून फिरत राहिलं.

परिषदेचे वृद्ध अध्यक्ष उठून पडद्याजवळ गेले. "निरोगी कसला, बाई? ही रक्तवाहिनी बघा, फुग्यासारखी फुगलीय. काय सुरेख टिपलीत! वेळेत सापडली, म्हणजे ऑपरेशन झालं असणार. वाचला बिचारा जीव. पुण्य लागलं तुम्हाला."

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. इरावतीनं सवयीनं हात जोडले.