निळा दोर

शीळ थांबली होती.

पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसलेल्या मुलीने श्वास रोखला. कमरेला बांधलेला निळा दोर तिने दोन्ही मुठींत घट्ट आवळला. तो दोर तिच्यापासून निघून गच्चीच्या कठड्यावरून पलीकडे उतरला होता. पलीकडे, भोवळ यावी अशा उंचीवर, लाकडी फळीवर बसून तिचे वडील इमारतीच्या काचा पुसत होते. फळी एका जाड दोराला टांगलेली होती. तो जाड दोर तुटलाच, तर हा निळा दोर त्यांना तारणार होता. आणि निळा दोर तिच्या हाती होता.

एरवी वडील दुकानांच्या काचा शिडीवर चढून पुसत. उंच इमारतींची पाळी सुट्टीच्या दिवशी येई, कारण त्या दिवशी कचेऱ्या बंद असत. आईवेगळी लेक मग त्यांच्याबरोबर गच्चीवर जाई. तिचे दुधाचे दात पडायच्या आधीपासून हाच क्रम चालत आला होता. वडील दोराचे एक टोक टाकीच्या खांबाला बांधत, तिच्या कमरेभोवती वेढा घालून गाठ मारत आणि उरलेला दोर घेऊन कठड्यापलीकडे उतरत. नियम असा, की दोर धरणाऱ्याने गाठ सोडायची नाही आणि वाकून खाली बघायचे नाही. तिने तो व्रतासारखा पाळला होता. खाली गेल्यावर वडील शीळ घालू लागत. शीळ ऐकू येते तोवर बाबा सुखरूप आहेत, एवढे तिला पुरे असे. वाऱ्याने दोर थरथरला, की त्यांचाच श्वास हाताशी आल्यासारखे तिला वाटे.

म्हणूनच आज सकाळी जिना चढताना तिने एकदाचे सांगून टाकले होते.

"बाबा, मी कॉलेजला नाही जाणार."

दूरच्या शहरातल्या महाविद्यालयात गणित शिकायला तिला प्रवेश मिळाला होता. उद्या तिथे हजर व्हायचे होते. न गेल्यास ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

"का गं? गणित एका रात्रीत कडू झालं?"

"इथं काय वाईट चाललंय आपलं?"

"आत्यानं भरवलं का काही डोक्यात?"

"आत्या तर म्हणते, जा बाई, तेवढाच तुझा बाप स्वयंपाक शिकेल."

वडील हसले नाहीत. "बघू," एवढेच म्हणाले, आणि वर पोहोचल्यावर त्यांनी नेहमीसारखी गाठ मारली. खरे कारण तिच्या ओठांवर येऊन परतले होते. आपण गेल्यावर दोर कोण धरणार, हे ज्याचा जीव त्या दोरावर त्यालाच कसे विचारावे?

आणि आता शीळ थांबली होती.

"बाबा," तिने हाक मारली.

उत्तर आले नाही. तिने पुन्हा हाक दिली. वारा तेवढा कानांवरून गेला. दोर धरून बसावे, तर बाबांना काय झाले ते कळणार नाही. कठड्यापाशी जावे, तर आधी गाठ सोडावी लागेल, कारण त्या वेढ्यातून कठड्यापर्यंत पोहोचताच येत नव्हते. आणि नेमका तेवढ्यात जाड दोर तुटला तर? खांबावरची एकटी गाठ टिकली नाही, तर आपल्याच हातांनी आपण बापाला सोडले, असे होईल.

तिने दात आवळून गाठीत नखे घातली. गाठ सुटली. मोकळा झालेला दोर तिने घाईघाईने खांबाभोवती गुंडाळून आवळला, आणि जीव मुठीत धरून ती गुडघ्यांवर रांगत कठड्याशी गेली. तिने डोळे मिटले. मग उघडले.

कठड्याखाली हातभर अंतरावरच निळा दोर संपला होता. तिथे भिंतीत एक लोखंडी कडी होती. दोराचे टोक त्या कडीला बांधलेले होते.

वडील एक मजला खाली फळीवर स्वस्थ बसले होते. त्यांच्या कमरेला रुंद पट्टा होता, आणि पट्ट्याला जोडलेला आणखी एक दणकट दोर निराळ्याच बाजूने वर येऊन टाकीमागे गेला होता. फडके मांडीवर होते. मान वर होती. ते तिचीच वाट पाहत होते.

"आलीस? मला वाटलं, आता जेवायची वेळ टळते."

"शीळ का थांबवलीत?" ती वरून ओरडली. "माझे प्राण गेले असते, बाबा."

"गाठ सोडतेस का, बघत होतो."

तिने कडीकडे बोट दाखवले. "हा तुम्हांला बांधलेलाच नाही."

"नाही."

"कधीच नव्हता?"

"एवढीशी होतीस. तू मला कुठून तोलणार होतीस, वेडे?" वडिलांचा स्वर खाली आला. "गच्चीवर पाय ठेवला, की कठड्याकडे धावत सुटायचीस. बस म्हटलं, तर बसायची नाहीस. बाबाचा जीव तुझ्या हातात आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं एका जागी बसलीस. तो दोर मला नव्हता धरत, पोरी. तुला धरत होता."

ती हळूहळू उभी राहिली. कमरेला काहीच नव्हते. इतकी वर्षे जिच्या एका कोपऱ्यात ती बसून राहिली, ती गच्ची तिला आज प्रथमच चारी बाजूंनी उघडी दिसली. तिने कठडा घट्ट धरला. आजवर सारे भय तिने बापापायी बाळगले होते. हे भय निराळे होते.

"बाबा, मला भीती वाटते."

"उंचीची?"

"नाही. उद्याची."

वडिलांनी फडके पिळले.

"सकाळी तर जाणारच नव्हतीस," ते म्हणाले, आणि काचेकडे वळून पुन्हा शीळ घालू लागले.