एकाच माणसावरचा राग

"मॅडम, आज मी त्याला सोडत नाही!" एवढं बोलून सुताराने फोन आपटला, आणि प्राध्यापकबाई तपासायचे पेपर तसेच टाकून धावत सुटल्या.

माणसं टोळी करून दुसऱ्यांच्या जिवावर का उठतात, हे शोधण्यात बाईंचा जन्म गेला होता. हा सुतार अशाच एका टोळीतला, पलीकडच्या वस्तीवर हल्ला करून आत गेलेला. तुरुंगात त्याच्यासमोर त्या वर्षानुवर्षं बसल्या होत्या. पलीकडच्या वस्तीचं नाव काढलं, की तो थुंकायचा. "ते सगळे सारखेच," याच्यापुढे त्याची गाडी सरकत नसे. सुटून आल्यावर त्याने दुकान टाकलं, आणि शेजारी सलून निघालं ते नेमकं पलीकडच्या वस्तीतल्या माणसाचं. धावता धावता बाईंच्या मनात एकच, केलंसवरलं सगळं पाण्यात जातंय की काय!

दुकानात सुतार लालबुंद होऊन येरझाऱ्या घालत होता.

"कोणावर एवढा चिडलायस?"

"तो शेजारचा! दिवसभर त्याचा रेडिओ कोकलतो. कमी कर म्हटलं, तर लेकाचा आणखी वाढवतो!"

बाईंनी आपला जुनाच प्रश्न पुढे केला. "ते सगळे असेच, नाही का रे?"

सुतार थबकला. बाईंना वेड लागलं की काय, अशा नजरेने त्याने पाहिलं.

"सगळे कुठून आले मध्येच? त्याचा भाऊ देवमाणूस आहे. बायको माझ्या आईला औषधं आणून देते. हाच एक नग आहे, मॅडम!"

बाईंना हसू आवरेना. तेवढ्यात सलूनवालाच दारात आला, गिऱ्हाइकाचा दंड धरून. गिऱ्हाइकाच्या गालांवर फेस होता आणि फेसावर लाकडाचा भुसा.

"दार लावून लाकूड काप म्हणून किती वेळा सांगितलं! आता याची दाढी मी करायची कशी, तुम्हीच सांगा, बाई."

"मॅडम, तुम्ही माझ्या बाजूने ना?" सुतार म्हणाला.

आजवर बाईंनी कोणाचीच बाजू घेतली नव्हती. त्यांच्या धंद्यात ते पाप. पण आज त्यांना राहवेना.

"नाही रे बाबा. मी त्याच्या बाजूने. चूक तुझी आहे."

सुताराने गिऱ्हाइकाचा अवतार पाहिला, डोकं खाजवलं.

"असेल थोडी," तो पुटपुटला. "पण रेडिओचं मात्र त्याला बोला."

आणि बाई मोठ्या आनंदाने सलूनवाल्याला झापू लागल्या.