तानुबाईची परवानगी

"परवानगीच हवी ना साहेब? आत्ता देववतो!" हिलालभाऊने भट्टीमागे हाक मारली. "तानुअक्का, जराशी आठे ये वं!"

नरडाणा स्टेशनसमोरच्या त्याच्या हॉटेलात तबकडी फिरत होती. मुंबईहून आलेला रेकॉर्ड कंपनीचा माणूस चहा निववत बसला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की तबकडी घरी खुशाल ऐका; गिऱ्हाइकांसाठी वाजवायची तर गाण्याच्या मालकाचं लायसन लागतं.

तानुबाई बेसनाचे हात पुसत आली. तबकडीवर तीच गात होती. शब्द तिचे, चालही तिचीच. लेक सासरी धाडली तेव्हा रडता रडता जुळवलेलं गाणं.

"गानं मनंच शे," ती म्हणाली. "भाऊ रोज वाजाडस. मनी ना नही."

"घ्या! मालकीणच बोलली!" हिलालभाऊने टेबलावर थाप मारली. गिऱ्हाइकं हसली.

साहेब हसला नाही. त्याने पिशवीतून कराराची नक्कल काढली. "बाई, हे गाणं तुम्ही कंपनीला कायमचं देऊन टाकलंय. हा तुमचा अंगठा. तुमची परवानगी आता चालत नाही."

"मी नुसतं गानं म्हनी दखाडं," तानुबाई पुटपुटली. "दिधं कोठे?"

हिलालभाऊचा पारा चढला. "अडाणी बाईला फसवता? हे तिला वाचून कोणी दाखवलं होतं?" त्याने कागद हिसकावला.

अंगठ्याखाली ओळ होती : 'मजकूर वाचून दाखवला, समजावून सांगितला.' खाली ऐटबाज सही. त्याची स्वतःची.

बारा वर्षांपूर्वी कंपनीची माणसं मशीन घेऊन धुळ्याला आली होती. तानुबाईला तोच घेऊन गेला होता. गाणं झालं, शेवटची एस्टी सुटायला आली, कागद पुढे सरकला. गावात कोणाच्याही अंगठ्याखाली अशी सही करणं हे सातवी पास हिलालचं नेहमीचंच काम. एवढे कागद वाचत कोण बसतो? सही करून आपण उपकार करतो, असंच त्याला वाटायचं. आता मात्र त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तानुबाई त्याच्याजवळ सरकली. "त्या सायेबवर मना भरोसा नही, भाऊ. तुनावर शे. काय लिखेल शे, तू वाची दखाड."

आणि भर हॉटेलात, सगळ्यांसमोर, हिलालने तो कागद पहिल्यांदा वाचला.