शहाळं

फ्लू ज्योतीरामच्या भावाच्या फुप्फुसांत उतरला, भाऊ ऑक्सिजनच्या मास्कआडून पाणी मागू लागला, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी सलाईन काढलं. ज्योतीरामच्या मनात पाल चुकचुकली. सलाईनवाचून बरा झालेला माणूस गावाने पाहिला नव्हता. त्याने गुपचूप आईला फोन लावला, "शहाळं आण. हितं काहीतरी काळंबेरं हाय." मग डॉक्टरबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "विषाणूने फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या गळक्या केल्यात. पाणी द्याल तेवढं छातीत झिरपेल, श्वास कोंडेल." ज्योतीराम चपापला. चाकणच्या कंपनीत तो हवा भरलेले रेडिएटर पाण्यात बुडवून गळती शोधायचा. बुडबुडा दिसला की पीस बाजूला. तो बुडबुडा डोळ्यांपुढून हलेना. तेवढ्यात आई पदराआड शहाळं घेऊन आली. त्याने ते काढून घेतलं. "न्हाई द्यायचं, आई. डॉक्टर खरं बोलत्यात." आईने शहाळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तू बी त्यांना मिळालास व्हय?"