आलं का?

टीव्हीला महिन्याचं पॅकेज घ्यायला नवरा काही तयार होईना, म्हणून तिने आठ दिवस अबोला धरला होता. आज तो हँगरच्या तारा वाकवून केलेला अँटेना घेऊन गच्चीवर चढला. फुकटची चॅनेल हवेतून पकडणार म्हणे!

"अगं, दिसतंय का काही?" वरून हाक आली.

आधी तोच बोलला! ती मनातल्या मनात जिंकली. समोर चित्र तर अगदी लख्ख होतं.

"छे! नुसत्या मुंग्या!" ती ओरडली. "डावीकडे फिरवा... नको, उजवीकडे... अहो, तुम्हाला नाहीच जमायचं ते!"

"बोल, बोल." आवाज मागून आला. पक्कड खिशात घालून तो दारात हसत उभा होता. "चित्र मघाशीच आलंय. आठ दिवसांनी आज आवाजही आला."